काढा

६ ऑगस्ट

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (थोरल्या बहिणीला लोक सर्रास 'तीर्थरूप' लिहितात. ते फक्त आईवडिलांना. तुझ्या लेकीच्या लग्नपत्रिकेत ही चूक तीनदा होती, पण तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं.)

लेक आणि नातू सुखरूप आहेत हे कळलं, फार बरं वाटलं. फोनवर आपल्याला एकमेकांचं नुसतं "हॅलो, हॅलो" ऐकू येतं, म्हणून यापुढे पत्र. पत्र निदान तपासून पाठवता येतं.

बाळंतपण पंधरा दिवस आधीच येऊन ठेपलं आणि तू धावतपळत निघालीस. किल्ल्या दिल्यास, बाग सोपवलीस, दूधवाल्याची वेळ सांगितलीस आणि गाडी सुटता सुटता खिडकीतून ओरडलीस, "मी येईपर्यंत नीट राहि..., तर मागची खोली कायमची तुझी!" शब्द 'राहिली' होता की 'राहिलास', ते गाडीच्या आवाजात कळलं नाही. पहिला असेल तर अट बागेला आहे, दुसरा असेल तर मला. मी दोन्ही धरून चाललो आहे.

तुझ्यापासून काय लपवायचं, ताई, मला दुसरी जागा नाही. माझी जुनी इमारत पाडायला घेतली आहे. मुलाकडे तीन महिने काढले. सूनबाईंच्या वाणसामानाच्या यादीत मी लाल शाईने सात दुरुस्त्या केल्या, तर त्या दिवसापासून घरात यादीच होईना. मग मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्हाला आत्याकडे जास्त मोकळं वाटेल." वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होतं, त्यामुळे मी सामान बांधलं.

आता तुझी हिरवळ. स्पष्ट लिहितो, राग मानू नकोस. इतकं अशुद्ध काम मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नाही. गवताच्या चार पात्यांमागे एक भलतंच पान. बागकामाच्या एका जाड पुस्तकाच्या तिन्ही आवृत्त्यांची मुद्रितं मी छापखान्यात तपासली आहेत, त्यामुळे विषय मला पाठ आहे. त्यात पहिल्याच पानावर व्याख्या होती: 'तण म्हणजे नको त्या जागी उगवलेली वनस्पती.' बस. उद्यापासून नको त्या जागचं काही राहणार नाही.

तुझा (तूर्त) मागच्या खोलीतला भाऊ

---

१४ ऑगस्ट

चि. वेलांटी,

अनेक आशीर्वाद. लहानपणी तू माझ्या वहीतल्या वेलांट्या मोजायचास म्हणून आबांनी तुला हे नाव ठेवलं. चौसष्ट वर्षांचा झालास तरी खोड गेली नाही. पाकीट उघडायच्या आधीच लाल शाईचा वास आला बघ.

हे बघ, पुस्तक तपासणं वेगळं आणि माती तपासणं वेगळं. नीट ऐक. तण उपटायचं ते आधी पाणी घालून, माती भुसभुशीत झाल्यावर. बी धरायच्या आत. कोरड्या मातीत ओढलंस तर पान हातात येतं आणि मूळ खाली हसत बसतं. आणि लव्हाळा दिसला, तर त्याला गाठी असतात, त्या खुरप्याने खोलवरून काढायच्या. नुसता उपटलास तर एकाचे पाच होतात. गवत फार बारीक कापू नकोस. उंच गवताच्या सावलीत तण आपोआप कमी होतं. शेजारचे मोजणीसाहेब तुला शिकवायला येतील, त्यांना चहा दे, पण ऐकू नकोस. जमिनी मोजता मोजता निवृत्त झाले आणि आता कॉलनीच्या उद्यान समितीचे अध्यक्ष होऊन लोकांचं गवत मोजतात.

बाकी वाफ्यांना पाट्या आहेत, त्यामुळे चुकायचं कारण नाही.

इथलं म्हणशील तर नातू गोड आहे, जावईबापूही सज्जन. पण ते कारखान्यात भांडार सांभाळतात, तर घराचंही भांडार केलंय. प्रत्येक डब्याला चिठ्ठी, प्रत्येक चमच्याला खाच. मी मीठ साखरेच्या फळीवर ठेवलं की ते येतात आणि उचलून जागेवर ठेवतात. एक शब्द बोलत नाहीत रे. बोलले असते तर भांडले तरी असते. तुझी ती व्याख्या वाचून हसू आलं आणि मग आलं नाही.

मी 'राहिली' म्हणाले होते. पण तूही राहा नीट.

तुझी ताई

---

२३ ऑगस्ट

तीर्थस्वरूप ताईस,

सा. न. अट बागेला आहे हे कळून जबाबदारी वाढली.

प्रगती कळवतो. गवत मी आधीच कापून टाकलं होतं, न्हाव्याने डोकं तासावं तसं. तुझं पत्र दुसऱ्या दिवशी आलं. त्यामुळे आंबुशी आणि घोळ या तणांना भरपूर ऊन मिळून त्यांनी बाळसं धरलं आहे. लव्हाळा मी नुसता उपटला होता. एकाचे पाच होतात हे तू म्हणालीस ते खरं नाही. मी मोजले, सात झाले.

मोजणीसाहेब आले होते. दोरीचा चौकोन हिरवळीवर टाकून त्यातलं तण मोजतात आणि मान हलवतात. समितीची 'आदर्श हिरवळ' स्पर्धा ऑक्टोबरात आहे. जिंकणाऱ्याच्या फाटकावर पितळी पाटी लागते. ताई, तुझ्या फाटकावर ती पाटी लागलेली तू गाडीतून उतरताना पाहावीस, एवढीच आता माझी इच्छा आहे. मग खोलीचा विषय मला काढावाच लागणार नाही. स्पर्धेचं पत्रक त्यांनी दिलं, त्यात 'हीरवळ' होतं. मी अकरा दुरुस्त्या करून पत्रक परत केलं. साहेबांनी आभार मानले नाहीत.

त्यांनी तणनाशकाची बाटलीही दिली होती. बाटलीवर 'विशारी' छापलं होतं. ज्यांना ष लिहिता येत नाही त्यांचं विष मी वापरणार नाही, असं सांगून परत केली.

एक काम मात्र मनासारखं झालं. भिंतीजवळच्या वाफ्यावरची पाटी पाहिली. बाकी पाट्यांवर झाडांची नावं आहेत, 'गुलाब', 'शेवंती' वगैरे. ही एकच स्पष्ट सूचना आहे. पाहून ऊर भरून आला. अडतीस वर्षं मी समासात हाच शब्द लिहीत आलो. तू सांगितलंस आणि मी त्याच दिवशी पाटीप्रमाणे केलं, अगदी मुळासकट. जे निघालं त्याचे कुदळीने बारीक तुकडे करून मागच्या खताच्या ढिगात टाकले. पाटी उपयोगाची आहे, म्हणून ती आता लव्हाळ्यात रोवली आहे.

आमच्या धंद्यात आणखी एक खूण असते. चुकून चांगल्या शब्दावर काट मारली गेली, तर शब्दाखाली टिंबं द्यायची आणि समासात लिहायचं, 'राहू द्या.' अडतीस वर्षांत मला ती एकदाही लागली नाही. हे सहज आठवलं म्हणून लिहिलं.

तुझा मागच्या खोलीतला भाऊ

---

१ सप्टेंबर

चि. वेलांटी,

तुझं पत्र मी लेकीला मोठ्याने वाचून दाखवलं. 'विशारी'ला ती इतकी हसली की बाळ जागं झालं.

पाटी पाहून तू काढा केलास, हे वाचून मला खरंच बरं वाटलं. म्हणजे तुझा तो छापखान्यातला जुनाट खोकला अजून आहे तर. पण मुळं कशाला घातलीस? मुळांनी कडू होतो. नुसती पानं घालायची, दोन पेले पाण्याचा एक पेला होईपर्यंत उकळायचं. चोथा खतात टाकलास ते छान केलंस. आणि पाटी परत वाफ्यात लाव, लव्हाळ्याचा काढा करायला निघालास की काय?

जावईबापूंना पंधरा दिवस खोकला आहे. औषधं झाली, उपयोग नाही. मी म्हटलं, आमच्या घरचा काढा घेऊन बघा. तर म्हणाले, "चालेल, आई." या घरात आल्यापासून मी ठेवलेल्या गोष्टीला पहिल्यांदा 'चालेल' मिळालंय. तेव्हा वाफ्यातली पानं सावलीत वाळव आणि लगेच पाठव. पुदिना, गवती चहा आणि मधलं ते झुडूप. त्याचं नाव मला माहीत नाही, सासूबाईंनाही माहीत नव्हतं. त्यांनी कुठून तरी बोटभर फांदी आणून लावली होती. कातरलेली पानं, उग्र वास. ते नसेल तर काढा नाही, नुसता चहा.

तुझी ताई

---

११ सप्टेंबर

तीर्थस्वरूप ताईस,

सा. न. तुझं पत्र मिळालं. चार वेळा वाचलं.

सोबत पानांची पुडी पाठवत आहे. पुदिना आहे, गवती चहा आहे. झुडपाची पानं सध्या कोवळी आहेत, म्हणून तोडली नाहीत.

पुदिना हा शब्द मी आयुष्यभर ऱ्हस्व-दीर्घ तपासून छापला, पण प्रत्यक्ष पाहिला तो याच आठवड्यात. हे सहज लिहितो.

बाकी बाग ठीक. लव्हाळ्याच्या गाठी तू सांगितल्याप्रमाणे खोलवरून काढत आहे, रोज सकाळी दोन तास, पाणी घालून. पाठ दुखते पण हात बसला आहे. गवत वाढू दिलं आहे आणि आंबुशी खरंच कमी झाली. जिथे टकलं पडली होती तिथे मागच्याच आठवड्यात ढिगातलं खत पसरलं होतं, सगळ्या हिरवळीभर, चाळून. स्पर्धा पाच आठवड्यांवर आली.

पाटीचं अक्षर कोणाचं आहे? तुझं वाटत नाही.

तुझा भाऊ

---

२२ सप्टेंबर

चि. वेलांटी,

पुडी मिळाली. पुदिन्याच्या जुडीला रबर होतं. आपल्या बागेत पुदिना रबर लावून उगवत नाही.

काय झालं ते खरं सांग. झुडपाला कीड लागली का? मोजणीसाहेबांनी काही फवारलं का? त्यांचा तो विशारी पंप भिंतीवरून इकडे आला असेल, तर मी इथून निघून येईन आणि त्यांची दोरी त्यांच्याच गळ्यात बांधीन. तुला मी दोष देत नाही. तू पाटी पाहून काढा करून प्यायलास म्हणजे तोवर वाफा होता.

बाकीच्या पाट्या मी लिहिल्या. ती एक ह्यांची आहे. शेवटच्या वर्षी ह्यांना रात्रभर खोकला असायचा, मी रोज काढा द्यायचे. एक दिवस मला बरं नव्हतं, तर हे स्वतः वाफ्यात गेले आणि माझी शेवंती ओरबाडून उकळली. ती पिऊन म्हणाले, "आज चव काही और आहे." हसून हसून पुरेवाट झाली. दुसऱ्या दिवशी डब्याचं झाकण घेऊन निळ्या रंगाने लिहिलं, 'काढा', आणि वाफ्यात रोवलं. म्हणाले, "आता कोणी गाढवही चुकणार नाही."

ह्यांच्या हातचं लिहिलेलं घरात तेवढंच उरलंय.

जावईबापू तो रबरवाला काढा प्यायले. खोकला आहे तसाच आहे. पेला विसळून जागेवर ठेवला.

लवकर लिही.

तुझी ताई

---

२० ऑक्टोबर

तीर्थस्वरूप ताईस,

सा. न. चार आठवडे लिहिलं नाही. लिहायला बसायचो आणि 'तीर्थस्वरूप' लिहून उठायचो.

ताई, गाढव चुकलं.

मी काढा केला नाही, मी काढलं. पाटीवर शब्द वाचला आणि मला ती आज्ञा वाटली. ज्या माणसाने अडतीस वर्षं समासात 'काढा' लिहून लोकांचे शब्द उडवले, त्याला या शब्दाचा दुसरा अर्थ सुचलाच नाही. माझ्या हाताखाली कोणी असं केलं असतं तर मी त्याला दारातून बाहेर काढलं असतं. तुझं दुसरं पत्र, 'मुळांनी कडू होतो' असं तू लिहिलेलं, ते वाचलं तेव्हाच कळलं होतं. तरी बाजारातून जुडी आणून तुला पाठवली, कारण खोली जाईल याची भीती वाटली. ही दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी आहे. भावजींच्या अक्षराचं वाचलं त्या दिवशी लव्हाळ्यातून पाटी उपटून आणली, पुसली, आणि स्वयंपाकघरात बसून रडलो.

पुढचं सांगतो. ढिगातलं खत मी हिरवळीभर पसरलं होतं. त्यात माझे ते कुदळीने केलेले तुकडे होते. पुदिन्याच्या प्रत्येक तुकड्याला फूट येते, हे तिन्ही आवृत्त्यांत होतं, मी त्यातला फक्त ऱ्हस्व तपासला होता. महिनाअखेरीस हिरवळीत पुदिना दिसू लागला. आधी दहा, मग चाळीस, मग मोजणं सोडलं. गवती चहाचेही चार कोंब आले. मी रोज सकाळी गुडघ्यांवर बसून कातरलेलं पान शोधायचो. सात ऑक्टोबरला सापडलं. अगदी मधोमध, बोटभर, दोन पानं. चुरगाळून वास घ्यायचा धीर झाला नाही, नुसता वाकून घेतला. उग्र आहे. तेच आहे, ताई.

समिती रविवारी यायची होती. तोवर सगळा पुदिना उपटला असता तर पितळी पाटी आपली होती. गवत दाट झालं आहे, लव्हाळा जवळपास संपला आहे. मोजणीसाहेब शनिवारी स्वतः म्हणाले, "आश्चर्य आहे." मी हातात खुरपं घेऊन बसलो आणि उठलो. मग वाटेवरचे खडे गोळा केले आणि प्रत्येक रोपाच्या बुडाशी तीन-तीन खडे मांडले. टिंबं. अडतीस वर्षांत न लागलेली खूण एका दुपारी दोनशे वेळा वापरली. मधल्या झुडपापाशी भावजींची पाटी रोवली.

रविवारी पाच जण आले. साहेबांनी दोरी टाकली आणि फूटपट्टीने दाखवून विचारलं, "हे काय आहे?"

मी म्हणालो, "काढा."

ते म्हणाले, "तेच म्हणतोय मी, काढा."

"काढाच आहे साहेब."

"अहो मग काढा ना! कोणी अडवलंय तुम्हाला?"

"काढायचा नाही. काढा आहे."

असं बराच वेळ चाललं. शेवटी ते पाटीकडे बोट दाखवून म्हणाले, "स्वतःच लिहून ठेवलंय, तेही करवत नाही?" मला त्यांचा राग आला नाही. ते अगदी माझ्यासारखंच वाचत होते.

आपण सगळ्यात खाली आलो. दोनशे तणं आणि सहाशे खडे, असे दोन्हींचे गुण कापले. फाटकावर नोटीस लावली आहे. तिच्यात चार चुका आहेत. मी एकही दुरुस्त केली नाही.

झुडपाला आता पाच पानं आहेत. त्यातली दोन सोबत आहेत, जावईबापूंसाठी. रबर नाही.

तू येण्याआधी मी माझं सामान हलवतो. कुठे ते ठरलं की कळवीन. नको त्या जागी उगवलेल्याची व्याख्या मीच तुला लिहून पाठवली होती, तेव्हा ती मला सांगायची वेळ तुझ्यावर येऊ नये. सही करताना सवयीने दोन शब्द लिहून गेलो, त्यांवर काट मारली आहे. खाडाखोड केलेलं पत्र तुला पहिल्यांदाच पाठवतो आहे, क्षमस्व.

तुझा ~~मागच्या खोलीतला~~ भाऊ

---

२९ ऑक्टोबर

चि. वेलांटी,

तुझं पत्र वाचून मी आधी खूप चिडले. इतकी की मीठ उचलून साखरेच्या फळीवर आपटलं. मग पुन्हा वाचलं, आणि 'काढाच आहे साहेब' पाशी मला हसू फुटलं ते थांबेना. हे असते तर म्हणाले असते, "शेवंती पिणारा मी एकटा नाही तर." मग रडले. मग पुन्हा हसले. लेक घाबरून गेली.

दोन पानांचा काढा केला. जावईबापू प्यायले आणि त्या रात्री घरात सगळे झोपले. सकाळी ते म्हणाले, "आई, ते कातरलेलं पान आणखी मिळेल का?" त्यांनी एक डबा रिकामा करून ठेवलाय आणि त्याला चिठ्ठी लावलीय, 'काढा'. मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे हा शब्द जरा जपून लिहितात. आणि मीठ अजून साखरेच्या फळीवरच आहे. त्यांनी हलवलं नाही.

पुदिना हिरवळीतच वाढू दे. कापताना वास येईल. झुडूप जिथे आलंय तिथून उचलू नकोस, त्याने जागा निवडलीय. नोटीस फाडू नकोस, मला वाचायचीय.

तुझं पत्र तपासून परत पाठवतेय. लाल पेन इथे मिळालं नाही, लेकीच्या काजळाच्या पेन्सिलीने केलंय. बाकी सगळं शुद्ध आहे, फक्त सहीत एक चूक आहे. ज्या दोन शब्दांवर तू काट मारलीस त्यांच्याखाली टिंबं दिली आहेत. समासातही लिहिलंय. तुला 'राहू दे' लिहिणार होते, पण खूण तुझ्या धंद्याची, म्हणून 'राहू द्या'च लिहिलं.

मी दहा तारखेला येतेय. काढा करून ठेव. मुळं घालू नकोस.

तुझी ताई